डाव्या बाजूचं पाणी

बोट घरी आली त्या दिवशी मी शाळेत होते. दुपारी घरी पोचले तर फाटकाबाहेर टेम्पो उभा आणि शेजारपाजारचे चार पुरुष मिळून एक लांबोळकी, पालथी, निळ्या रंगाचे पोपडे सुटलेली वस्तू आमच्या पोर्चमध्ये सरकवत होते. हे मागे उभे राहून "हळू, कडेवर जोर देऊ नका" म्हणून ओरडत होते. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही हात अडखळतो, म्हणून ते 'हे'च राहू देत.

"स्कूटर कुठे लावायची?" मी विचारलं.

"रस्त्यावर," हे म्हणाले.

तेव्हा ते निवृत्त होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. तरुणपणी पंधरा वर्षं नौदलात काढली, नंतर ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याच्या कामावर लागले. माझी शाळा नाशिक रोडला होती, म्हणून आम्ही राहिलो तिथेच आणि हे इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसने ओझरला जात राहिले. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली. निवृत्तीनंतर ह्यांनी घरातले सगळे नळ, सगळ्या बिजागऱ्या, माझ्या मशीनचा पट्टा, शेजाऱ्यांची मिक्सरं असं सगळं दुरुस्त करून टाकलं. मग एक दिवस असा आला की दुरुस्त करायला काही उरलंच नाही. त्या दिवसापासून हे सोफ्यावर बसून पंख्याकडे बघायला लागले. मला त्या बघण्याची भीती वाटायची.

नौदलातला त्यांचा एक मित्र मुंबईच्या एका क्लबात बोटींची देखरेख करायचा. तिथे ही बोट मोडीत निघाली होती. अकरा फुटांची, प्लायवूडची, शिडाची, दोन माणसांची. जळाऊ लाकडाच्या भावात मिळाली म्हणून हे इतके खूश होते की मला रागावता येईना.

"पण नाशकात समुद्र कुठे आहे?" मी म्हटलं.

"गंगापूरचं धरण आहे की. पाणी ते पाणी. वारा तो वारा."

पावसाळा तोंडावर होता. लाकडाचं काम करायला ह्याहून वाईट ऋतू नाही. ओल धरलेल्या प्लायवर ना रंग बसतो ना भेगा भरायची लांबी सुकते. हे सकाळी चहा झाला की पोर्चमध्ये जाऊन बसायचे, घरातला एक स्टीलचा चमचा घेऊन बोटीच्या तळावर हळूहळू ठोकत जायचे. लाकूड चांगलं असलं की टक्क वाजायचं, कुजकं असलं की भद्द. भद्द वाजलं की पेन्सिलीने गोल करायचे. आठवड्याभरात तळावर इतके गोल झाले की मी म्हटलं, ह्यापेक्षा नवीन बांधा. पण त्यांनी पटाशीने एकेक कुजका तुकडा कोरून काढला, तिथे नवा तुकडा बसवला, रंध्याने सारखा केला. शंभर वॅटचा बल्ब रात्रंदिवस बोटीखाली लावून ठेवला, आत ऊब राहावी म्हणून. त्या उबेला कॉलनीतली मांजर येऊन व्याली. मग पिल्लं डोळे उघडेपर्यंत काम बंद.

शीड माझ्याकडे आलं. पांढरं, जाड, कडक कापड, दोन ठिकाणी फाटलेलं. माझ्या मशीनची नेहमीची सुई त्यात पटापट मोडायला लागली. मेनरोडवरून अठरा नंबरच्या सुया आणल्या, दोऱ्याला मेण लावलं, आणि एवढा मोठा पसारा घरात मावेना म्हणून शाळा सुटल्यावर शिवणाच्या वर्गात चार टेबलं जोडून ते पसरलं. मुली विचारायच्या, "बाई, हा कुणाचा ड्रेस?" माझ्या आयुष्यात इतकी सरळ, इतकी लांब शिवण मी कधी घातली नव्हती.

श्रावण संपता संपता उघडीप मिळाली आणि ह्यांनी रंगकाम काढलं. दोन दिवसांत बोट पांढरीशुभ्र. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर डाव्या अंगाला वीतभर रुंद पट्टा तसाच कोरा राहिलेला, खालचं प्रायमर स्पष्ट दिसत होतं.

"अहो, हे काय? रंग संपला की पेंटर संपला?" मी हसून म्हटलं.

हे आले, मान बरीच वळवून बघितलं, आणि म्हणाले, "उजेड नव्हता काल."

त्या महिन्यांत असं बरंच काही झालं. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला कप हाताने उडायचा. मी म्हणायची, लक्ष कुठे असतं तुमचं? बोटीत. दोघंही हसायचो.

दसऱ्याला बोट पाण्यात गेली. धरणाच्या काठी, ह्यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या चुलतभावाची द्राक्षबाग होती. त्याने औषध फवारणीच्या शेडमध्ये बोटीला जागा दिली. पाटबंधारे खात्याच्या परवानगीचा कागद ह्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. दसऱ्याला सगळे गाडीला, हत्यारांना हार घालतात, मी बोटीला झेंडूचा हार घातला. बागवाला म्हणाला, "वहिनी, नारळ फोडा, पण बोटीवर नका फोडू, मोडायची."

मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून मी बसले. बोट काठापासून सुटली आणि ह्यांनी दोरी ओढली तसं शीड भरलं. कसलाही आवाज नाही. इंजिन नाही, हिसका नाही, फक्त तळाखाली पाण्याची खळखळ, आणि काठ मागे जायला लागला. मी ह्यांच्याकडे बघितलं. सुकाणूचा दांडा काखेत धरून हे वर शिडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मी लग्नात बघितला होता तसा झाला होता. मी कडा धरलेले हात सोडले, पण लगेच पुन्हा धरले.

मग दर रविवार तसाच. सकाळी स्कूटरवरून निघायचं, मधे मिसळ खायची, धरणावर पोचायचं. आत साचलेलं पाणी स्पंजने टिपायचं, स्क्रू आवळायचे, दोरीच्या कप्प्यांना तेल घालायचं, दोऱ्या कुठे झिजल्यात का ते बोटांनी चाचपायचं. दोन तास फिरायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ साफसफाई. शीड ओलं घडी केलं तर बुरशी धरतं म्हणून ते बागेच्या तारांवर वाळत घालायचो. मला वाटलं होतं, बोट म्हणजे वाऱ्यावर फिरणं. प्रत्यक्षात ती दुसरी गृहस्थी होती. पण थंडीतल्या त्या रविवारांइतके चांगले दिवस आमच्या वाट्याला आधीही फार आले नव्हते.

काठावर एक म्हातारा मासेमार राहायचा. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून तो तिच्यावर मांडी घालून बसायचा आणि दोन हातांत दोन छोट्या फळ्या धरून पाणी मागे सारत जायचा. धरण झालं तेव्हा त्याचं गाव पाण्याखाली गेलं होतं, तो तेव्हा सहा-सात वर्षांचा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. तो ह्यांना सायेब म्हणायचा आणि आमच्या बोटीकडे बघून दर वेळी एकच विचारायचा, "ह्याच्यात मासं किती गावत्यात?"

"एकही नाही," हे म्हणायचे.

"मंग कशापायी?"

संक्रांतीनंतरचा रविवार होता. वारा चांगला होता, बोट वेगात होती. आमच्या डावीकडे, समोरच, बाबा ट्यूबवर बसून जाळं ओढत होता. मला तो लांबूनच दिसला. मला वाटलं, ह्यांनाही दिसला असेल. हे नेहमी शेवटच्या क्षणी वळायचे, त्यांची ती ऐट होती. मी वाट बघत राहिले. तो जवळ आला, आणखी जवळ आला. त्याने मान वर केली, हात केला. हे माझ्याशी काहीतरी बोलत होते, मला वाटतं मुलीच्या फोनबद्दल. मी "अहो!" म्हणून किंचाळले तेव्हा बोटीचं नाक ट्यूबला लागलं होतं. बाबा पाण्यात पडला.

तो लगेच वर आला आणि ट्यूबला लोंबकळत राहिला. ह्यांनी शीड सोडलं. जाळं आमच्या सुकाणूत गुंतलं होतं.

"सायेब, समोर तर हाय मी! दिसत नाय का?" बाबा खोकत म्हणाला. "बगळा हाय का मी, उडून जाईन?"

हे वाकून जाळं सोडवायला लागले, आणि मी बघितलं, त्यांचा हात जाळ्याच्या गाठीच्या बाजूने दोनदा रिकामा गेला.

काठावर आल्यावर बाबाला बागवाल्याच्या घरी नेऊन चहा दिला, कोरडे कपडे दिले. तो कुरकुरला नाही. जाळं मी शिवून देईन म्हटलं तर हसला, म्हणाला, "बाई, हे तुमचं पोलकं नाय." त्यानंतर मी ह्यांना शेडच्या मागे नेलं.

"सरळ माझ्या नाकाकडे बघा," मी म्हटलं. "डोळे हलवू नका." मी माझा उजवा हात, म्हणजे त्यांच्या डावीकडचा, खांद्याएवढा वर केला आणि बोटं हलवली. "दिसतोय हात?"

"कुठला हात?" हे म्हणाले.

त्यांच्या आवाजात जराही भीती नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं, मी अजून हात उचललेलाच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार मृदू बोलायच्या. त्यांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि एक कागद आमच्यासमोर ठेवला. त्यावर दोन गोल होते, एकेका डोळ्याचा. डावा गोल जवळजवळ सगळा काळा होता. उजव्याचा नाकाकडचा, म्हणजे पुन्हा डावीकडचाच, भाग काळा.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं असणार. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही."

"म्हणजे नंबर बदलायला हवा," हे म्हणाले.

"नाही काका. चष्म्याचं काम नाही हे. आतली नस सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच आपल्या हातात."

"ऑपरेशन?"

"लागलं तर करू, पण तेही राखण्यासाठीच. आणण्यासाठी नाही."

हे त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिले की बाईंनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. आयुष्यभर त्यांनी पत्रा, लाकूड, नळ, मशीन असं जे जे बिघडलं ते उघडून बघितलं होतं आणि पुन्हा चालू केलं होतं. त्या कागदाला कुठे स्क्रू नव्हता.

मला मात्र त्या खुर्चीत बसून एकच दिसत होतं, बोटीवरचा तो वीतभर पट्टा. चार-पाच महिने मी त्यावर हसत होते. वर्गात पोरगी सुई ओवताना जरा डोळे बारीक करायला लागली की मी तिच्या आईला बोलावून घ्यायची. घरातल्या माणसाचा खांदा रोज दारावर आपटत होता आणि मी म्हणत होते, लक्ष कुठे असतं तुमचं?

दिवसातून दोनदा थेंब सुरू झाले. स्कूटर बंद झाली, ते ह्यांनी निमूटपणे मान्य केलं. बोट बंद करायचं नाव मी काढलं तेव्हा मात्र म्हणाले, "पाण्यावर काय, समोरून ट्रक येतो?"

"माणूस आला होता."

त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. मग म्हणाले, "आता तू धर. मी सांगतो तसं कर."

म्हणून मी सुकाणू धरलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पोहता येत नसताना. आता आम्ही एसटीने शहरातल्या सीबीएस स्टँडला जायचो, तिथून दुसऱ्या बसने, आणि पुढे चालत. मला सुकाणू नीट कधीच जमलं नाही. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, हे डोक्याला कळायचं पण हाताला कळायचं नाही. हे पुढे बसून कानाने बोट चालवायचे. शीड फडफडलं की म्हणायचे, "वाऱ्यात शिरलीस, जरा बाहेर ये." तळाखालचा आवाज बदलला की म्हणायचे, "आता बरोबर." मधूनमधून विचारायचे, "डावीकडे काय आहे?" मी सांगायची, पाणी आहे. दुसरं काही नाही, पाणीच आहे. त्यांचा विश्वास बसायचा की नाही, मला माहीत नाही. विचारणं मात्र थांबलं नाही.

फेब्रुवारी-मार्चपासून धरणातून शेतीला पाण्याची आवर्तनं सुटायला लागली. दर रविवारी गेलो की पाणी खाली गेलेलं. शेडपासून पाण्यापर्यंत आधी वीस पावलं होती, मग पन्नास, मग शेदोनशे, आणि मधे चिखल. बागवाल्याची दोन माणसं बोट उचलून न्यायला यायची, पण द्राक्षाच्या तोडणीच्या दिवसांत त्यांना वेळ कुठला? मग बोट शेडमध्ये न आणता खालीच खुंटीला बांधून ठेवायला लागलो. ऊन तिच्यावर पडायचं, रंग तडकायचा. मी भेगा लांबीने भरायची, पुढच्या रविवारी शेजारी नवी भेग. हे बोटांनी चाचपून सांगायचे, "इथे राहिलंय." खरंच तिथे राहिलेलं असायचं.

बाबाने एकदा सांगून ठेवलं होतं. "त्या अंगाला जाऊ नगा. तिथं आमचं गाव हाय. वरनं पाणी सारखंच दिसतंय, पर खाली जोती हाईत, भिंताडं हाईत. माझं जाळं लय येळा फाटलंय."

एप्रिलच्या अखेरीला, आम्ही पाण्यावर असताना, वळीव आला. सकाळपासून इतकं स्तब्ध होतं की परत फिरायला वारा नव्हता. आम्ही मध्यावर नुसतेच तरंगत होतो. पश्चिमेला आभाळ काळं झालं ते मी बघितलं आणि ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "किती काळं?" मी म्हटलं, "शाईसारखं." त्यांनी एक क्षण कान दिला आणि म्हणाले, "शीड उतरव. आत्ता."

मी दोरी सोडायला गेले. गाठ सुटेना. उन्हात आठवडाभर पडून ती दोरी ताठ झाली होती आणि मी ती घाईत, चुकीची बांधली होती. नखं मोडली, पण गाठ हलेना. हे सरपटत पुढे आले, म्हणाले, "बाजूला हो." त्यांचे हात डोलकाठीवर फिरले, गाठीच्या वर गेले, खाली गेले. "कुठाय? हात धरून ठेव माझा तिथे." मी त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला तोच पहिला झोत आला. दांडा कुणीच धरला नव्हता. बोट एका अंगावर झाली, आम्ही दोघं आत पडलो, आणि ती सुटली. इतक्या वेगात ती कधीच गेली नव्हती. मी दांड्यापर्यंत पोचले आणि माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला, आणि उलट्या बाजूला लावला.

"कुठे चाललोय?" हे ओरडले.

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

खालून एक आवाज आला, लाकूड फाडताना येतो तसा. बोट जागच्या जागी थांबली आणि डावीकडून पाणी आत यायला लागलं. मग गारा आल्या. बोट कलत गेली, आम्ही कडेवरून उतरलो आणि मी बुडायच्या तयारीने डोळे मिटून पाय सोडले तर पाय टेकले. कमरेएवढं पाणी. खाली दगड, रचलेले. एकमेकांना धरून, डोक्यावर शिडाचं टोक ओढून आम्ही त्या दगडांवर उभे राहिलो. पाव तास असेल. हे एकदाच बोलले. "माझी चूक आहे," म्हणाले. मी म्हटलं, "गाठ माझी होती." 

गारा थांबल्यावर बाबा आला. ट्यूब मागे दोरीने ओढत, पाण्यातून चालत आला. आमच्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं.

"कुणाच्या घरात उभं हाईत तुमी, ठाव हाय का?" तो म्हणाला. "चुलत्याचं घर हे माज्या."

का कोण जाणे, हे हसले. "दार कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"हे काय, हितं." बाबाने बोट दाखवलं. हे चेहरा भलतीकडेच करून उभे होते. बाबाने पुन्हा दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने ह्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, दाराच्या दिशेने सरळ केला आणि म्हणाला, "हितं. पूर्वेला. चला सायेब."

त्याने ह्यांना हात धरून त्याच्या गावातून काठापर्यंत नेलं. मी मागे, ट्यूब धरून. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, गढूळ पाणी आणि तरंगणाऱ्या गारा. पण तो रस्त्याने चालावं तसा चालत होता. "हितून गल्ली. आता पायरी हाय, पाय वर घ्या. हितं पार व्हता, वळसा घाला." एकदा तो थांबला, पायाने चाचपलं, आणि म्हणाला, "नाय, चुकलो. हे आमचंच हाय," आणि तिथेच उभा राहिला. हेही उभे राहिले. दोघांनी एकमेकांचा हात सोडला नव्हता. घाई मला एकटीलाच होती.

बोट तिथेच राहिली. तळाला हातभर भोक होतं आणि ती दगडांत पाचरीसारखी बसली होती. पुढच्या आठवड्यात बागवाल्याने ट्रॅक्टर आणला, तो चिखलात चाकाएवढा रुतला आणि त्यालाच काढायला दुसरा आणावा लागला. ह्यांनी घरी बसून कागदावर आकृती काढली, फळ्या कशा सरकवायच्या, दोर कुठे बांधायचा. आकृती कागदाच्या उजव्या अर्ध्यातच होती. मी ती बागवाल्याला दिली, त्याने आदराने घडी करून खिशात ठेवली. शीड, दोऱ्या, सुकाणू काढून आणलं. डोलकाठीचा बोल्ट गंजून बसला होता, ती राहिली. माणसं बागेच्या छाटणीत अडकली, मग त्यांच्याकडे लग्न निघालं, आणि आम्ही कुणाला काय म्हणणार? त्या वर्षी वर त्र्यंबककडे पाऊस लवकर आणि फार पडला, धरण भरायला लागलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बोट पाण्याखाली गेलेली आणि डोलकाठी पुरुषभर वर होती. काठावर छत्री धरून उभे राहिलो. "किती आहे?" ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. पुढच्या रविवारी हातभर. त्याच्या पुढच्या रविवारी मी बराच वेळ शोधत राहिले.

"आज?"

"नाही दिसत."

"तुला की मला?"

"मला," मी म्हटलं.

बाबा शेजारी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, त्या जागी आता तो जाळं टाकणार नाही, काठीत अडकायचं. आणि खिशातून तंबाखू काढून त्याने आधी ह्यांच्यापुढे धरली. हे कधी तंबाखू खात नसत. त्या दिवशी खाल्ली, आणि बसमध्ये सगळा वेळ त्यांना मळमळत होतं.

पुढचे दोन-तीन उन्हाळे धरणात पाणी चांगलं राहिलं, तो भाग उघडा पडला नाही. आम्ही तिकडे जाणंही सोडलं. बोट बुडाली त्याच वर्षी दिवाळीत ह्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरीणबाईंच्या मते चांगलं झालं.

तरी दर सहा महिन्यांनी नजरेची तपासणी असायची. अंधाऱ्या खोलीत ह्यांना एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवायचे, हातात एक बटण द्यायचे. आत कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी होती, गप्प बसायच्या अटीवर. बटणाचा बारीक आवाज यायचा, टिक. टिक, टिक. मग थांबायचा. मशीन आतल्या आत घरघरत राहायचं, म्हणजे ठिपके येत होते, कुठेतरी लागत होते, विझत होते, आणि ह्यांचा अंगठा बटणावर तसाच तयार, वाट बघत. मी स्टुलावर बसून माझा अंगठा बोटावर दाबत राहायची. पाचेक मिनिटांत माझ्या ब्लाउजची पाठ घामाने भिजायची.

दिवे लागल्यावर हे हनुवटी उचलायचे आणि मी जिथे नसायची तिकडे तोंड करून विचारायचे, "जमलं का गं?"

मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला जायची. "जमलं," म्हणायची, "उठा, पुढे पायरी आहे."